चौदावा आठवडा आणि अजून चार विमानप्रवास

पत्र

ताई,

मला चौदावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळ. कामासाठी मला लंडन-न्यूयॉर्क असा प्रवास करावा लागतो. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी एक आणि कळल्यावर एक, अशा जाऊन-येऊन दोन फेऱ्या झाल्या. अजून चार ठरलेल्या आहेत, शेवटची चौतिसाव्या आठवड्यात. मध्यंतरी दिरांनी एक व्हिडिओ पाठवला. विमानात वैश्विक किरणांचं रेडिएशन असतं, एक फेरी म्हणजे छातीचे पाच एक्स-रे, गरोदर बाईने विमानात पाऊलही टाकू नये, असं त्यात सांगितलंय. तेव्हापासून माझी झोप गेली आहे. नवऱ्याने एक 'अँटी-रेडिएशन' एप्रन मागवलाय. तो म्हणतो, हा घाल, रात्रीची फ्लाइट घे आणि खिडकीपासून लांब बस. नणंद केबिन क्रूमध्ये आहे. ती हसण्यावारी नेते. "वहिनी, आम्ही वर्षानुवर्षं उडतोय, काही होत नाही." कोणाचं खरं मानू? झालेल्या दोन फेऱ्यांनी बाळाला काही झालं असेल का? पुढच्या रद्द करू का?

— एक वाचक

उत्तर

उत्तर लांबणार आहे, म्हणून ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली त्याचं आधी देते. झालेल्या दोन फेऱ्यांमुळे बाळात काही व्यंग आलं असेल, ही भीती मनातून काढून टाका. त्या दोन फेऱ्यांत बाळापर्यंत पोचलेला डोस फार तर ०.२ मिलिसीव्हर्ट आहे (मिलिसीव्हर्ट हे शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप). रेडिएशनमुळे गर्भात व्यंग येणं, वाढ खुंटणं, मेंदूवर परिणाम होणं हे १०० मिलिसीव्हर्टच्या खाली दिसून आलेलं नाही. पाचशेपट अंतर आहे. पुढच्या चार फेऱ्यांपैकी तीन करायला रेडिएशनच्या बाजूने माझी हरकत नाही. चौथीबद्दल शेवटी बोलू, कारण तिथली अडचण किरणांची नाहीच.

'कोणाचं खरं' याला मात्र एका नावाचं उत्तर नाही. दिरांचा व्हिडिओ आकड्यात फारसा चुकलेला नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. नणंदेला विमान चांगलं माहीत आहे, पण "काही होत नाही" हे तिच्या नोकरीबद्दल इतक्या छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि तुमच्या यजमानांचे तिन्ही उपाय प्रेमापोटी सुचलेले असले तरी वैश्विक किरणांपुढे तिन्ही बिनकामाचे आहेत. तिथूनच सुरुवात करू, कारण ते बिनकामाचे का, हे कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं.

रात्रीच्या फ्लाइटचा सल्ला हे किरण सूर्याकडून येतात या समजुतीतून निघतो. या समजुतीचा निकाल १९१२ सालीच लागला आहे. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ हवेतलं आयनीभवन, म्हणजे किरणांमुळे हवेच्या कणांवर विद्युतभार येणं, मोजणारी उपकरणं घेऊन फुग्यातून वर जात असे. जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांमुळे हे आयनीभवन होतं, असं तेव्हा धरून चालत. म्हणजे वर जावं तसं ते कमी होत जायला हवं. ७ ऑगस्ट १९१२ ला तो ५३०० मीटरच्या आसपास पोचला आणि तिथे ते जमिनीवरच्या दुपटीहून जास्त भरलं. त्याआधी एप्रिलमध्ये त्याने मुद्दाम सूर्यग्रहण चालू असताना उड्डाण केलं होतं. चंद्राने सूर्य झाकत आणला तरी उपकरणावरचा आकडा काही उतरला नाही. जे काही येत होतं ते सूर्यापलीकडून, सगळ्या दिशांनी येत होतं. १९३६ साली त्याला या कामासाठी नोबेल मिळालं. तेव्हा फ्लाइट रात्रीची घ्या नाहीतर दिवसाची, डोस तोच.

आता खिडकी आणि एप्रन. बाहेरून येणारे हे कण म्हणजे बहुतेक प्रोटॉन, थोडे हेलियमचे केंद्रक आणि अगदी थोडे त्याहून जड. ते प्रचंड वेगाने वातावरणाच्या वरच्या थरात घुसतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉन, प्रोटॉन, म्यूऑन, इलेक्ट्रॉन, गॅमा किरण यांचा सडा पडतो. विमानातल्या माणसाला लागतो तो मुख्यतः हा दुसऱ्या पिढीचा सडा, आणि त्यातल्या डोसाचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या न्यूट्रॉनचा असतो.

जमिनीवर उभं असताना आपल्या डोक्यावर जी हवा असते तिचं वजन दहा मीटर खोल पाण्याएवढं भरतं. विमान ११-१२ किलोमीटरवर गेलं की त्यातली चार पंचमांश हवा खाली राहते. डोक्यावर उरते ती जेमतेम दोन मीटर पाण्याएवढी. तरीही ते 'जेमतेम' म्हणजे दोन मीटर पाणी आहे, हे लक्षात घ्या. एवढा थर पार करून जे कण आत येतात, त्यांना विमानाचा काही मिलिमीटरचा पत्रा काय आणि खिडकीची काच काय! त्यामुळे खिडकीशेजारी आणि पॅसेजकडे डोस सारखाच. एप्रनबद्दल तर बोलायलाच नको. गरोदर बायकांना विकले जाणारे हे एप्रन बहुतेक चांदीचे किंवा धातूचे धागे विणलेले असतात. ते मोबाइलच्या रेडिओलहरी थोड्याफार अडवत असतील; वैश्विक किरणांना ते असून नसल्यासारखे. एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा एप्रनसुद्धा इथे हात टेकतो. तो एक्स-रेपुरता बनवलेला असतो, आणि इथल्या कणांची ऊर्जा त्याच्या हजारो पट असते. उलट शिशाच्या जड केंद्रकांवर असे कण आदळले की त्यातून आणखी नवे कण निघतात. मांडीवर ते ओझं घेऊन आठ तास बसायचं ते वेगळंच.

अडवता येत नाही म्हटल्यावर हातात राहतं ते मोजणं. समुद्रसपाटीला वैश्विक किरणांचा डोस ताशी ०.०३ ते ०.०४ मायक्रोसीव्हर्ट असतो. (एक हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट.) विमानाच्या उंचीवर तो किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली अर्थातच उंची. ३० हजार फुटांवरून ४० हजार फुटांवर गेलं की साधारण दुप्पट होतो. लांब पल्ल्याचं विमान सुरुवातीला इंधनाने जड असतं, म्हणून ते जरा खालून उडतं आणि इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. त्यामुळे प्रवासाच्या उत्तरार्धात डोस किंचित जास्त पडतो. त्यावर तुमचा काही ताबा नाही, सोडून द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षांश. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तापाशी आडवं असतं. वरून येणारा विद्युतभारित कण फार जोरकस नसेल तर ते त्याला वळवून परत पाठवतं. ध्रुवांकडे हे क्षेत्र उभं होत जातं आणि दुबळे कणही आत सुटतात. म्हणून एकाच उंचीवर विषुववृत्ताच्या भागात ताशी २ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास, तर उत्तर अटलांटिकवर ५ ते ६. मात्र साठ अंशांच्या सुमाराला (हे अंश चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने, नकाशावरचे नव्हेत) ही वाढ थांबते, कारण त्यापुढे जे जास्तीचे कण सुटतात ते इतके कमकुवत असतात की वातावरणच त्यांना संपवतं. 'ध्रुवावरून जाणारी विमानं भयंकर' असं जे सांगतात त्यांना हे माहीत नसतं. तुमचा मार्ग आधीच वाढ थांबलेल्या भागाच्या जवळपास आहे, आणखी उत्तरेला सरकला तरी तासाचा आकडा फारसा बदलणार नाही.

तर तुमचा हिशेब. जाऊन-येऊन हवेत सुमारे पंधरा तास. चढतानाचे-उतरतानाचे तास कमी डोसाचे, पण मी तेही पूर्ण धरते आणि ताशी ६ लावते. ९० मायक्रोसीव्हर्ट. गोळाबेरीज करून एका फेरीला ०.१ मिलिसीव्हर्ट म्हणू. दोन झाल्या, ०.२. चारही राहिलेल्या केल्यात तर आणखी ०.४. नऊ महिन्यांत एकूण ०.६, तीही चढ्या अंदाजाने. तुम्हाला नेमक्या फ्लाइटचा आकडा हवा असेल तर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची 'कारी' नावाची गणकप्रणाली मोफत आहे. महिना, मार्ग आणि उंची दिली की ती डोस सांगते. माझा अंदाज आणि तिचा आकडा यांत थोडी तफावत येईल, पण दशांश चिन्हाची जागा बदलणार नाही.

छातीचा एक एक्स-रे साधारण ०.०२ मिलिसीव्हर्टचा. म्हणजे व्हिडिओतले 'एका फेरीत पाच एक्स-रे' बरोबर आहेत. पण ही तुलना मला आवडत नाही, आणि तुम्हाला वाटेल त्याच्या अगदी उलट कारणाने. छातीच्या एक्स-रेत किरणांचा झोत छातीवर असतो, गर्भाशयाला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. विमानात मात्र किरण सर्व बाजूंनी येतात आणि आरपार जातात. आईच्या शरीराचा बाळाला काही आडोसा होत नाही. जो डोस तुम्हाला, तोच बाळाला. म्हणजे बाळाच्या बाबतीत 'पाच एक्स-रे' हे वर्णन अतिशयोक्त नसून उलट तोकडं आहे! एक्स-रेच्या खोलीतली भाषा विमानात आणली की असा घोटाळा होतो. आकडा खरा आणि अर्थ भलताच. कोणी धीर द्यायला ती वापरतं, कोणी घाबरवायला, आणि दोघांचंही चुकतं.

त्याऐवजी जे बाळ आईच्या पोटात घरीच असतं, त्याला किती मिळतं ते बघू. नैसर्गिक रेडिएशनची जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे. पण सरसकट हा आकडा तुमच्या तोंडावर मारणंही बरोबर नाही, कारण त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा रेडॉन वायूचा आहे. तो श्वासातून फुफ्फुसात जातो, बाळापर्यंत नाही. तो वगळला तर वर्षाला १.१ ते १.२ उरतात, म्हणजे नऊ महिन्यांत ०.९ च्या आसपास. हे येतं जमिनीतून, आकाशातून आणि आईच्या स्वतःच्या स्नायूंमध्ये असलेल्या पोटॅशियम-४० या किरणोत्सारी पोटॅशियममधून. जगातल्या प्रत्येक बाळाने हे घेतलेलं असतं. तुमच्या बाळाला सहा फेऱ्यांचे ०.६ त्यावर वाढीव मिळतील. नगण्य आहे असं मी म्हणणार नाही, दोन तृतीयांश वाढ आहे. पण केरळच्या करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन याच्या कितीतरी पट आहे. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे राहतात आणि तिथल्या नवजात बाळांच्या मोठमोठ्या पाहण्यांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही.

व्यंगाचा प्रश्न इथे संपला. राहिला कॅन्सरचा. तो टाळून पुढे गेले तर तुम्ही रात्री स्वतःच शोधत बसाल, म्हणून सांगून टाकते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवून दिलं की गरोदरपणात आईच्या पोटाचे एक्स-रे काढले होते त्या मुलांमध्ये बालपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त होतं. त्या काळी अशा तपासणीत गर्भाला १० मिलिसीव्हर्टच्या आसपास डोस मिळे. पुढे १९९७ मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड वेकफर्ड यांनी सगळा पुरावा एकत्र तपासून जोखमीचा जो दर काढला, तो तुमच्या ०.६ ला लावला तर उत्तर येतं एक लाख मुलांमागे तीन-चार. मुळात कुठल्याही विमानप्रवासाशिवाय पंधरा वर्षांच्या आत कॅन्सर होणारी मुलं साधारण पाचशेत एक, म्हणजे लाखात दोनशेच्या घरात असतात. दोनशेच्या जागी दोनशे तीन किंवा चार. इतक्या कमी डोसाला हा दर लागू पडतो का, यावरच वाद आहे. मी तो पडतो असं धरून चालले आहे.

गर्भपाताबद्दलही एक अभ्यास तुमच्या समोर आज ना उद्या येईलच. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली फ्लाइट अटेंडंट बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून जास्त वैश्विक डोस घेतलेल्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता त्यात दिसली. पण त्याच अभ्यासात झोपेच्या वेळी तासन् तास काम करणं आणि खूप शारीरिक श्रम यांचाही तसाच संबंध दिसला. जी बाई जास्त उडते तिला डोस जास्त, जागरण जास्त आणि उभं राहणंही जास्त. त्यातलं नेमकं कोण दोषी हे वेगळं करणं अवघड असतं. तुमचे पहिले तीन महिने उलटले आहेत, आणि त्यात तुमचा डोस ०.२ होता, तोही खुर्चीत बसून.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिते आहे ते एका कारणासाठी. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर ग्रीसमध्ये बऱ्याच गरोदर बायकांनी घाबरून, कधी डॉक्टरांच्याच सल्ल्याने, गर्भपात करून घेतले. १९८७ च्या सुरुवातीला तिथल्या जन्मांचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका घसरला. त्या देशात बहुतेकांना मिळालेला डोस १ मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होता. दिरांचा हेतू चांगला असेल. पण असे व्हिडिओ गरोदर बाईला पाठवण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा, हे त्यांना तुम्ही नाही तरी यजमानांनी सांगायला हरकत नाही.

सूर्याला मी वर थोडं जास्तच निर्दोष सोडलं. एरवी तो उलट आपल्या बाजूनेच असतो. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्य खवळलेला असतो तेव्हा त्याचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा (त्याच्यातून सतत वाहणारे कण) बाहेरच्या किरणांना जास्त अडवतात, आणि विमानातला डोस कमी होतो. पण क्वचित सूर्यावरच्या स्फोटातून इतके वेगवान प्रोटॉन सुटतात की ते काही मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि उंचावरचा डोस काही तासांपुरता वाढतो. २३ फेब्रुवारी १९५६ चं असं वादळ उपकरणांनी थेट नोंदलेल्यांत सर्वांत मोठं. तसं आज झालं तर उत्तरेकडच्या विमानात एकाच प्रवासात काही मिलिसीव्हर्ट मिळू शकतात. ऑक्टोबर २००३ च्या वादळात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने उंचावरच्या रेडिएशनचा इशारा दिला होता आणि काही विमानांचे मार्ग बदलले होते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची अवकाश-हवामानाची इशारा सेवा चोवीस तास चालते.

यातलं तुम्ही रोज काही बघायची गरज नाही. 'सौरवादळ' म्हणून ज्या बातम्या येतात त्या बहुतेक चुंबकीय वादळाच्या, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं जाण्याच्या असतात, रेडिएशनच्या वादळाच्या नव्हेत. मे २०२४ मध्ये एरवी कधी दिसत नाहीत अशा भागांतही ध्रुवीय प्रकाश दिसला, तेही चुंबकीय वादळच. त्या काळात बाहेरून येणारे वैश्विक किरण उलट घटले होते. अमेरिकेची नोआ ही संस्था रेडिएशन वादळांना एस १ ते एस ५ अशी श्रेणी देते. उड्डाणाच्या दिवशी एस ४ किंवा एस ५ जाहीर झालेलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका. एस ४ अकरा वर्षांच्या चक्रात साधारण तीनदा येतं, एस ५ त्याहूनही दुर्मिळ.

नणंदबाईंकडे येते. त्यांना माझा निरोप द्या की आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० मध्येच विमान कर्मचाऱ्यांना रेडिएशनच्या कामगारांमध्ये धरलं आहे. वर्षाला २ ते ५ मिलिसीव्हर्ट हा त्यांचा नेहमीचा डोस. कामगारांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आहे, म्हणजे नणंदबाई मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. तरी हा डोस रुग्णालयातल्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्या बहुतेकांपेक्षा जास्तच भरतो. गंमत अशी की एक्स-रेवाल्याच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो आणि विमानवाल्याच्या कोटावर फक्त नावाची पट्टी. केबिन क्रूमध्ये मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर आणि स्तनांचा कॅन्सर सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. दोष किरणांचा, रात्रपाळीने विस्कटलेल्या झोपेचा, मुक्कामाच्या ठिकाणच्या उन्हाचा की आणखी कशाचा, हे ठरलेलं नाही. म्हणून "काही होत नाही" म्हणण्याऐवजी त्यांनी कंपनीकडे आपला वार्षिक डोस मागावा. युरोपात वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्या वर डोस जाण्याची शक्यता असेल तर तो मोजणं आणि कळवणं हे कंपनीवर बंधनकारक आहे.

आणि त्यांना कधी दिवस राहिले तर हे हसण्यावारी नेऊ नये. गरोदरपण कळवल्यावर बाळाचा डोस १ मिलिसीव्हर्टच्या आत ठेवायचा, हा क्रूसाठीचा सर्वमान्य नियम आहे. अमेरिकेत त्याला 'कुठल्याही एका महिन्यात ०.५ पेक्षा जास्त नको' अशीही जोड आहे. बऱ्याच कंपन्या म्हणूनच लगेच जमिनीवरचं काम देतात. तुम्ही प्रवासी, तुम्हाला हा नियम लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून लावलात तरी तुमचे ०.६ त्यात बसतात, आणि महिन्याला एक फेरी असेल तर महिन्याची अटही पाळली जाते. यातल्या दोन फेऱ्यांची कामं एकाच मुक्कामात उरकता आली तर ०.१ वाचतील, परगावी राहण्याचा डोस लागत नाही, हवेतल्या तासांचा लागतो. मध्ये थांबणाऱ्या स्वस्त फ्लाइटने तास वाढतात, ती नको.

आता ती चौथी. चौतिसाव्या आठवड्यातली फेरी करू नका. प्रसूतितज्ज्ञ एका बाळाच्या, बिनगुंतागुंतीच्या गरोदरपणात ३६ आठवड्यांपर्यंत विमानप्रवासाला सहसा हरकत घेत नाहीत, त्यामुळे कागदोपत्री तुम्ही बसता. पण काम दोन दिवस लांबलं, फ्लाइट रद्द झाली, की परतीला पस्तिसावा-छत्तिसावा उजाडतो आणि कंपनी विमानात घ्यायला का-कू करते. त्या सुमाराला कळा सुरू झाल्या तर तुम्ही एकतर परक्या रुग्णालयात किंवा समुद्रावर. आधीच्या तीन फेऱ्यांतही मला किरणांपेक्षा तुमच्या पायांची काळजी जास्त आहे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि चार तासांपुढचा बैठा प्रवास पायात गुठळी होण्याचा धोका आणखी वाढवतो. तेव्हा यजमानांचं एक ऐका, खिडकीपासून लांब, पॅसेजकडेचीच जागा घ्या, म्हणजे दर तासाभराने कोणाला न उठवता उठता येईल. पाय आवळून धरणारे मोजे घाला, पाणी पीत राहा, पट्टा पोटाच्या खाली बांधा. हिमोग्लोबिन कमी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराएवढी विरळ असते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, ते प्रत्येक फेरीच्या आधी ताज्या तारखेचं घ्या. आणि चौतिसाव्या आठवड्यात तुमच्या जागी कोण जाणार, हे ऑफिसला आत्ताच विचारून ठेवा. वीस आठवडे आधी सांगितलं तर माणूस मिळतो, दोन आठवडे आधी सांगितलं तर तुमचीच मनधरणी सुरू होते.